बुरशीरोगांवरील औषधांची प्रयोगशाळेतील पारख

पावसाळ्याचे चार महिने आणि त्यापाठोपाठ येणारा दमट उकाडा हा काळ गजकर्णाच्या वाढीस अत्यंत पोषक असतो. जांघेत, कमरेभोवती, काखेत कंकणाकृती लाल चट्टे उठतात, खाज सुटते आणि रोगी औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणून लावू लागतो. पूर्वी अशा रोग्यास टर्बिनाफिन हे औषध काही आठवडे दिले असता बहुधा गुण येत असे. गेल्या सुमारे दहा वर्षांत मात्र भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना निराळाच अनुभव येऊ लागला आहे. औषध तेच, मात्रा तीच आणि दिवसही तेवढेच. परंतु चट्टे हटत नाहीत, किंवा हटून पुन्हा उमटतात. अशा वेळी दोष कशाचा, हा प्रश्न उभा राहतो. रोग्याने औषध नियमित घेतले नाही काय? मलमात मिसळलेल्या स्टेरॉइडमुळे रोग चिघळला काय? की ज्या बुरशीमुळे रोग झाला ती बुरशीच आता त्या औषधाला बधत नाही? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर केवळ रोग्याकडे पाहून देता येत नाही. ते बुरशी आणि औषध यांना प्रयोगशाळेत समोरासमोर आणूनच मिळवावे लागते.

ही पारख दिसते तितकी सोपी नाही. तिच्यातून शेवटी एक आकडा हाती येतो. पण तो आकडा कसा मिळाला हे ठाऊक नसेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही, आणि चुकीचा अर्थ लावल्यास रोग्याची हानी होऊ शकते.

औषधे थोडी का?

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि जिवाणूही नव्हे. तिच्या पेशीची घडण जिवाणूच्या पेशीपेक्षा माणसाच्या पेशीला अधिक जवळची आहे, आणि अडचणीचे मूळ येथेच आहे. जे द्रव्य बुरशीला मारते ते रोग्यालाही अपाय करण्याचा संभव असतो. त्यामुळे जिवाणूंवरील प्रतिजैविके विपुल असताना शरीरात खोलवर शिरलेल्या बुरशीवर देता येण्याजोग्या औषधांचे मुख्य वर्ग मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

या औषधांचा इतिहास मातीतून सुरू होतो. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन या दोन संशोधिकांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन हे द्रव्य मिळविले आणि १९५० साली ते जाहीर केले. त्या राज्याचे नाव औषधाच्या नावात आजही टिकून आहे. त्याच दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या प्रदेशातील मातीतून अ‍ॅम्फोटेरिसिन-बी लाभले. आपल्याकडे पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे औषध शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी या गावाचे नाव गुंफलेले आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

ही तिन्ही औषधे बुरशीच्या पेशीभोवतालच्या पटलातील अर्गोस्टेरॉल या द्रव्याला चिकटून ते पटल निकामी करतात. पुढे आलेली इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही अ‍ॅझोल वर्गातील औषधे अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. टर्बिनाफिन त्याच्या निर्मितीतील एक अगोदरची पायरी अडविते. कॅस्पोफंजिनसारखी औषधे पटलाच्या बाहेरील पेशीभित्तीवर आघात करतात. अस्त्रे एवढी मोजकी असल्यामुळे त्यांतील कोणते निरुपयोगी ठरले आहे हे वेळीच कळणे अगत्याचे होते.

मोजमापातील अडचण

जिवाणू किंवा यीस्ट यांच्या पेशी सुट्या असतात. एक थेंब घेतला तर त्यात किती पेशी आहेत हे मोजता येते. तंतुमय बुरशीचे तसे नाही. पावावर अथवा लोणच्यावर चढणारी बुरशी ज्याने पाहिली असेल त्याच्या हे सहज ध्यानात येईल. तो एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांचा गुंता असतो. त्याचा एक तुकडा उचलला तर त्यात दहा पेशी आल्या की दहा हजार, हे सांगणे दुरापास्त. म्हणून परीक्षणासाठी धागे न घेता बुरशीचे बीजाणू घेतात. ते सुटे असतात आणि मोजता येतात. मात्र रोग्याच्या शरीरात नासधूस करतात ते धागे, बीजाणू नव्हेत. परीक्षणाची ही पहिली तडजोड होय आणि ती जाणूनबुजून स्वीकारलेली आहे.

पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीने हे परीक्षण करी. कोणी पोषकद्रव एक वापरी, कोणी दुसरे. कोणी एका दिवसाने निकाल वाची, कोणी तीन दिवसांनी. परिणामी एकाच बुरशीचे आकडे दोन ठिकाणी अनेक पटींनी वेगळे येत. या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी अमेरिकेतील वैद्यकीय प्रयोगशाळांची मानके ठरविणाऱ्या राष्ट्रीय समितीने १९८२ साली एक उपसमिती नेमली. तिने प्रथम यीस्टकडे लक्ष दिले. तंतुमय बुरशीसाठी प्रस्तावित पद्धत १९९८ मध्ये आणि मान्य पद्धत २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २००८ व २०१७ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. युरोपातील समितीने स्वतःची निराळी पद्धत ठरविली. आज जगभर या दोन पद्धती प्रमाण मानल्या जातात.

परीक्षण प्रत्यक्ष कसे होते

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही फुप्फुसाचा गंभीर रोग निर्माण करणारी बुरशी उदाहरणादाखल घेऊ. रोग्याच्या थुंकीतून अथवा फुप्फुसातील स्रावातून ती वेगळी करून बटाट्याचा अर्क व शर्करा घातलेल्या घट्ट माध्यमावर सुमारे आठवडाभर ३५ अंश सेल्सिअसला वाढवितात. तोवर तिच्यावर करडसर हिरव्या बीजाणूंची भुकटी धरते. ही भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून पुढील सर्व काम हवा गाळून सोडणाऱ्या बंदिस्त कपाटात करावे लागते. बुरशीवर निर्जंतुक मिठाचे पाणी घालून बीजाणू हळुवार सोडवून घेतात. हे बीजाणू पाण्याला धरत नाहीत, तरंगत राहतात. म्हणून पाण्यात साबणासारखे काम करणाऱ्या द्रव्याचा एखादा थेंब टाकतात. मग तीन ते पाच मिनिटे थांबावयाचे. तेवढ्यात धाग्यांचे जड तुकडे तळाशी बसतात आणि वरचा एकसारखा गढूळ द्रव काढून घेता येतो. ही पाच मिनिटे वाचविण्याच्या नादात धाग्यांचे तुकडे द्रवात राहिले, तर पुढचा सारा आकडा बिघडतो.

गढूळपणा प्रकाशमापकाने अथवा रक्तपेशी मोजण्याच्या काचपट्टीवर बीजाणू मोजून ठरवितात. अमेरिकी पद्धतीत शेवटी दर मिलिलिटरमध्ये सुमारे ४,००० ते ५०,००० बीजाणू असावे लागतात. युरोपीय पद्धतीत ते १ लाख ते अडीच लाख असतात. बीजाणू जास्त पडले की बुरशी अधिक चिवट भासते आणि कमी पडले की दुबळी भासते. बुरशी तीच, बदलले ते केवळ मोजमाप!

औषधही रोग्याला देतात ती गोळी कुटून वापरता येत नाही, कारण गोळीत इतर भरीची द्रव्ये असतात. शुद्धता ठाऊक असलेली औषधाची भुकटी घ्यावी लागते. अ‍ॅझोल वर्गातील बहुतेक औषधे पाण्यात विरघळत नसल्याने प्रथम ती डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रवात विरघळवितात. पोषकद्रव म्हणून जे माध्यम वापरतात ते मुळात माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशी प्रयोगशाळेत जगविण्यासाठी अमेरिकेतील रॉसवेल पार्क या संस्थेत तयार झालेले होते. त्यातील प्रत्येक घटकाचे प्रमाण निश्चित असल्यामुळे ते सर्वत्र सारखेच बनविता येते, हा त्याचा मोठा गुण. त्याची अम्लता ७.० वर स्थिर ठेवतात.

आता मुख्य भाग. प्लॅस्टिकच्या एका लहान तबकडीत आठ ओळींत मिळून ९६ खळगे असतात. प्रत्येक ओळीत बारा. पहिल्या खळग्यात औषधाचे प्रमाण दर मिलिलिटरला १६ मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात त्याच्या निम्मे म्हणजे ८, मग ४, २, १ असे निम्मे निम्मे करीत दहाव्या खळग्यात ते सुमारे ०.०३ पर्यंत उतरते. अकराव्या खळग्यात औषध नसते, फक्त बुरशी असते. येथे ती वाढलीच पाहिजे. बाराव्यात बुरशी नसते. येथे काहीही वाढता कामा नये. शिवाय ज्यांचे आकडे आधीपासून ठाऊक आहेत अशा संदर्भ-बुरशींचेही त्याच वेळी परीक्षण करतात. त्यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर त्या दिवसाचे सारे निकाल बाजूला ठेवून काम पुन्हा करावे लागते. हे खर्चाचे व कंटाळवाणे आहे. पण ज्या अहवालामागे हे काम नाही, त्या अहवालावर भिस्त ठेवणे धोक्याचे.

तबकडी ३५ अंशांवर ठेवून देतात. किती वेळ, हे बुरशीच्या जातीवर अवलंबून असते. ऱ्हायझोपससारखी झपाट्याने वाढणारी बुरशी २१ ते २६ तासांत वाचतात, अ‍ॅस्परजिलस ४६ ते ५० तासांनी आणि सेडोस्पोरियम ही संथ बुरशी ७० ते ७४ तासांनी.

वाचन आणि आकड्याचा अर्थ

तबकडी आरशावर धरून खालून पाहतात. ज्या सर्वांत कमी प्रमाणाच्या खळग्यात बुरशीची वाढ पूर्णपणे थांबलेली दिसते, ते प्रमाण म्हणजे त्या औषधाचे त्या बुरशीसाठी ‘किमान प्रतिबंधक प्रमाण’ होय. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी व व्होरिकोनॅझोल यांच्या बाबतीत हा नियम चालतो. कॅस्पोफंजिनच्या बाबतीत तो चालत नाही. कारण त्या औषधाने अ‍ॅस्परजिलस पूर्णपणे थांबत नाही, तर तिचे लांब धागे आखूड होऊन त्यांच्या लहान घट्ट गाठी बनतात. तेव्हा अशा गाठी प्रथम कोणत्या खळग्यात दिसू लागल्या, ते प्रमाण नोंदवावे लागते. ज्याला हा फरक ठाऊक नाही असा वाचक खळग्यात काहीतरी वाढलेले पाहून बुरशी औषधाला दाद देत नाही असे लिहून मोकळा होईल, आणि रोगी एका उपयोगी औषधाला मुकेल.

खळग्यांतील प्रमाण दर वेळी दुपटीने वाढत असल्यामुळे आकड्यातील एका पायरीचा फरक हा परीक्षणाच्या स्वाभाविक चुकीतच मोडतो. आज १ आणि पुढच्या खेपेस २ आला, तर बुरशी बदलली असे समजण्याचे कारण नाही. दोन औषधांच्या आकड्यांची तुलना करणे हेही तितकेच चुकीचे. एका औषधाचा आकडा ०.५ आणि दुसऱ्याचा १ असेल तर पहिले दुप्पट गुणकारी, असा हिशेब पुष्कळदा केला जातो. परंतु प्रत्येक औषध रक्तात आणि रोगग्रस्त अवयवात वेगवेगळ्या प्रमाणात पोहोचत असल्याने त्या हिशेबाला आधार नाही. व्होरिकोनॅझोलचे तर एकाच मात्रेवर निरनिराळ्या रोग्यांच्या रक्तातील प्रमाण फार भिन्न आढळते, कारण यकृतात त्याचा निचरा करणारे विकर सर्वांचे सारख्या वेगाने काम करीत नाही.

मग आकड्याचा उपयोग कसा करावयाचा? त्यासाठी सीमारेषा आखलेल्या आहेत. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटससाठी व्होरिकोनॅझोलचा आकडा ०.५ किंवा कमी असेल तर बुरशी दाद देणारी, १ असेल तर मधली आणि २ किंवा अधिक असेल तर दाद न देणारी, असे अमेरिकी संस्थेने ठरविले आहे. युरोपीय समितीच्या कोष्टकात मात्र १ हा आकडा दाद देणाऱ्या गटात पडतो. यात विसंगती नाही; पोषकद्रवातील शर्करा आणि बीजाणूंची संख्या दोन्हीकडे वेगळी असल्याने एकाचे कोष्टक दुसऱ्याच्या आकड्याला लावावयाचेच नसते. म्हणून ज्या अहवालात केवळ ‘१’ लिहिलेले आहे आणि पद्धत लिहिलेली नाही, तो अहवाल अपुरा समजला पाहिजे. बऱ्याच बुरशींसाठी तर अशा सीमारेषा अद्याप आखताच आलेल्या नाहीत. तेथे त्या जातीच्या शेकडो नमुन्यांचे आकडे एकत्र मांडून सर्वसाधारण आकडा कोठवर जातो एवढेच सांगता येते. त्यापलीकडचा आकडा आला तर बुरशीत काही बदल झाला असावा असा तर्क करता येतो; परंतु औषध लागू पडेल की नाही हे त्यावरून ठरत नाही.

नाव कळले तरी पुष्कळ

काही वेळा एवढ्या खटाटोपाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. २०२१ च्या उन्हाळ्यात कोव्हिडच्या दुसऱ्या लाटेबरोबर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेली ‘काळी बुरशी’, देशभर फैलावली. मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही तिची प्रमुख कारणे होती. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत तिचे सर्वाधिक रोगी आढळले आणि मे महिन्यात केंद्र सरकारने या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. नाकातून डोळ्याकडे आणि तेथून मेंदूकडे जाणाऱ्या या रोगात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

येथे सूक्ष्मदर्शकाने जे काम केले ते तबकडी करू शकली नसती. नाकातील मृत ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून पाहिला असता रुंद, फितीसारखे, क्वचितच आडपडदे असलेले आणि जवळपास काटकोनात फुटणारे धागे दिसले, तर ती म्युकर गटातील बुरशी. अरुंद, आडपडदे असलेले आणि लघुकोनात फुटणारे धागे दिसले, तर ती बहुधा अ‍ॅस्परजिलस. हा भेद अर्ध्या तासात कळू शकतो आणि त्यावर औषधाची निवड ठरते. कारण अ‍ॅस्परजिलसवरील प्रमुख औषध असलेले व्होरिकोनॅझोल म्युकर गटावर मुळीच चालत नाही. ही प्रतिकारशक्ती कमावलेली नसून जन्मजात आहे. त्याचप्रमाणे अ‍ॅस्परजिलस टेरियस या जातीवर अ‍ॅम्फोटेरिसिन-बी भरवशाचे नाही, आणि फ्लुकोनॅझोल तर कोणत्याच अ‍ॅस्परजिलसवर चालत नाही. जात अचूक ओळखली की अशी अनेक उत्तरे परीक्षणावाचून मिळतात. परीक्षणाची खरी गरज पडते ती जी बुरशी एरवी दाद देते तिने दाद देणे सोडले असेल तेव्हा.

शेतातून आलेला प्रतिरोध

अशी घटना प्रथम नेदरलँड्समध्ये ध्यानात आली. तेथे १९९८ पासूनच्या काही अ‍ॅस्परजिलस नमुन्यांना अ‍ॅझोल वर्गातील औषधे लागू पडत नव्हती. विशेष हे की, त्यांतील कित्येक रोग्यांनी ती औषधे पूर्वी कधी घेतलेलीच नव्हती. मग बुरशीला त्यांची ओळख कोठे झाली? शोध घेता बोट शेतीकडे वळले. पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल यांसारखी कवकनाशके त्याच कुळातील आहेत. अ‍ॅस्परजिलस ही मुळात कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगणारी बुरशी. फवाऱ्याचे लक्ष्य ती नसते, पण फवारा तिच्यावरही पडतो आणि त्यातून तगलेले बीजाणू वाऱ्यावर स्वार होतात. औषधाचे लक्ष्य असलेल्या विकराच्या जनुकात एक बदल आणि त्या जनुकाच्या आरंभीच्या भागात ३४ घटकांची पुनरावृत्ती, अशी या बुरशीची खूण आहे. तीच खूण असलेले नमुने दिल्लीतील संशोधकांना भारतातील रोग्यांत आणि मातीत आढळले व २०१२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

द्राक्षावरील भुरी असो की भातावरील रोग, या कुळातील फवारे शेतकऱ्याच्या नित्याच्या परिचयाचे आहेत आणि ते एकाएकी बंद करा असे सांगणे व्यवहार्य नाही. रुग्णालयांच्या बाजूने करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे रोग्याकडून मिळालेल्या बुरशीची परीक्षा घेणे. त्यातही एका पेटीत वाढलेले एकच वर्तुळ तपासून भागत नाही. दाद देणारी व न देणारी अशा दोन्ही प्रकारची बुरशी एकाच रोग्याच्या फुप्फुसात नांदत असू शकते. म्हणून शक्यतो अनेक वर्तुळांतून नमुना घेतात.

पुन्हा गजकर्णाकडे

गजकर्ण घडविणाऱ्या बुरशीवर टर्बिनाफिनचा आकडा एरवी फार लहान, मिलिलिटरला ०.०३ मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. २०१८ मध्ये दिल्ली व चंडीगड येथील प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत अनेक नमुन्यांचा आकडा कित्येक पटींनी जास्त आढळला, आणि टर्बिनाफिन ज्या विकरावर काम करते त्याच्या जनुकात नेमक्या जागी बदल झालेला दिसला. २०२० साली या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे स्वतंत्र जातीचे नाव मिळाले. त्यानंतर ती इतर खंडांतही सापडू लागली. २०२३ साली न्यूयॉर्कमधील रोग्यांत ती आढळल्याची नोंद झाली. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज तात्पुरती थांबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. या मलमांच्या सर्रास वापराने तिच्या प्रसारास हातभार लागला, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे.

या बुरशीची परीक्षा अ‍ॅस्परजिलसपेक्षा संथ चालते. चट्ट्याच्या कडेची खरवड घेऊन ती कागदाच्या घडीत कोरडी पाठवावी लागते. खरवड मध्यभागातून घेतली किंवा रोगी आदल्या दिवसापर्यंत मलम लावीत राहिला, तर बुरशी उगवतच नाही आणि अहवालात ‘वाढ नाही’ असे येते. त्याचा अर्थ रोग नाही असा होत नाही. बुरशी उगवण्यास दोन ते चार आठवडे, पुरेसे बीजाणू धरण्यास त्यापुढे काही दिवस आणि औषधासह तबकडीत चार दिवस असा काळ जातो. तबकडीत वाढ निदान ऐंशी टक्के घटली की तो आकडा धरतात. एवढ्या अवधीत वैद्य उपचार सुरू करतात ते अनुभवावरून, आणि टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या रोग्यांत बहुधा इट्राकोनॅझोलकडे वळतात. जेथे सोय आहे तेथे जनुकातील बदल थेट तपासून काही दिवसांतच सूचना मिळू शकते. तबकडीवरील आकडा त्यानंतर येतो. तोवर रोग्याच्या घरातील इतर माणसांचेही चट्टे तपासून घ्यावेत, टॉवेल व कपडे वेगळे ठेवावेत आणि प्रयोगशाळेच्या अर्जावर पूर्वी घेतलेल्या प्रत्येक गोळीचे व मलमाचे नाव लिहावे. नाव आठवत नसल्यास रिकामी नळी सोबत न्यावी.